अपडेट-ग्रब ‘डन’ म्हणतं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा काळा पडदा: हरवलेली ग्रब.सीएफजी खरोखर परत कशी आणायची

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान. मार्च महिना, राजापुरीचे सौदे जोरात. दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे आणि त्यावरच सौद्यांच्या नोंदी आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या निघतात. सकाळी दिवाणजी अण्णांचा फोन आला, “अरं, मशिन परत तसंच बसलंय. पट्टी निघंना झालीया, माणसं दारात थांबल्यात.”

‘परत तसंच’ म्हणजे डेबियनचा मेनू न येता काळा पडदा, वर इंग्रजीत दोन-तीन ओळी आणि खाली नुसतं ‘ग्रब>’. ग्रब म्हणजे मशिन चालू होताना सिस्टिम उचलून देणारा छोटा प्रोग्रॅम. असं होण्याची ही तिसरी वेळ होती. आधीच्या दोन्ही वेळी मी जाऊन मशिन हाताने बूट केलं, अपडेट-ग्रब (ग्रबचा मेनू नव्याने बनवणारी आज्ञा) चालवलं, शेवटी ‘डन’ आलं आणि सौद्याची वेळ झाली म्हणून रीबूट करून न बघताच निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. रीबूट न करणं ही माझी चूकच होती आणि ती मान्य करूनच पुढचं लिहितोय.

हा त्रास वारंवार होणारे बरेच जण आहेत. ग्रब.सीएफजी, म्हणजे ग्रबच्या मेनूची फाइल, नव्याने बनवणं हे पाच मिनिटांचं काम आहे, ते कुठेही सापडेल. पण फाइल बनूनसुद्धा मशिन सुधारत नसेल, तर फाइल कशी बनवायची हे पुन्हा पुन्हा शोधू नका. ती नेमकी कोणत्या बूटमध्ये लिहिली जातेय ते शोधा. एका मशिनवर ‘/बूट’, म्हणजे मशिन चालू करायच्या फाइलींचं फोल्डर, या नावाच्या दोन जागा असू शकतात.

एक सूचना. इथे सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लहान अक्षरांत करायच्या. स्पेलिंगमध्ये घोटाळा होण्यासारखा असेल तिथे मी अक्षरं सांगितली आहेत.

आधी पडदा नीट वाचा

‘ग्रब>’ आणि ‘ग्रब रेस्क्यू>’ हे दोन वेगळे आजार आहेत. जुन्या बायोसवाल्या मशिनवर (बायोस म्हणजे मदरबोर्डवरचा, मशिन सुरू करणारा प्रोग्रॅम) ग्रब टप्प्याटप्प्याने उठतं. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये एक छोटा तुकडा असतो. तो पहिल्या पार्टिशनच्या (डिस्कच्या पहिल्या विभागाच्या) आधीच्या मोकळ्या जागेतला मोठा तुकडा उचलतो, आणि हा मोठा तुकडा बूट पार्टिशनमधल्या ग्रब फोल्डरातून ‘नॉर्मल’ नावाचं मॉड्यूल आणतो. हे मॉड्यूलच सापडलं नाही तर ‘ग्रब रेस्क्यू>’ येतं. मॉड्यूल सापडलं, पण मेनूची फाइल, म्हणजे ग्रब.सीएफजी, सापडली नाही तर नुसतं ‘ग्रब>’.

म्हणजे साधं ‘ग्रब>’ दिसलं की निम्मी काळजी मिटली. ग्रब धडधाकट आहे, डिस्क वाचता येतेय, फक्त यादी हरवली आहे. असं असताना कुणी ‘विंडोज टाकून देतो’ किंवा ‘फॉरमॅट मारावं लागेल’ म्हणालं तर हात जोडून नको म्हणा. दोन वर्षांच्या पट्ट्या त्या डिस्कवर असतात आणि त्यांना काहीही झालेलं नसतं.

रेस्क्यूचा पडदा असेल तर ग्रब फोल्डर कुठल्या पार्टिशनवर आहे ते ‘एलएस’ने हुडकायचं, ‘सेट प्रीफिक्स=’ला तो पत्ता द्यायचा, मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. फोल्डर जागेवर असेल तर मेनू येतो किंवा निदान साधं ‘ग्रब>’ तरी मिळतं.

आजचं काम अडू नये म्हणून: हाताने बूट

‘ग्रब>’समोर एलएस टाइप केलं की डिस्क आणि पार्टिशनं दिसतात. दुकानातल्या मशिनवर असं दिसलं:

(एचडी०) (एचडी०,एमएसडॉस२) (एचडी०,एमएसडॉस१)

ग्रब डिस्क शून्यापासून मोजतं आणि पार्टिशन एकपासून. इथे बरेच जण फसतात. नव्या धाटणीच्या डिस्कवर ‘एमएसडॉस’च्या जागी ‘जीपीटी’ दिसेल. मग एकेका पार्टिशनमध्ये डोकवायचं:

एलएस (एचडी०,एमएसडॉस१)/

आत ‘व्हीएमलिनझ-’ने सुरू होणारी फाइल (शेवटची तीन अक्षरं एन, यू, झेड) आणि ‘इनिटआरडी.आयएमजी-’ने सुरू होणारी फाइल दिसली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सापडला. मग या चार ओळी:

सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस१)
लिनक्स /व्हीएमलिनझ-६.१… रूट=/डेव्ह/एसडीए२ आरओ
इनिटआरडी /इनिटआरडी.आयएमजी-६.१…
बूट

ठिपक्यांच्या जागी पूर्ण आवृत्ती यायला हवी. ती पाठ करायची गरज नाही, टॅब दाबला की ग्रब स्वतः पुरी करतं. दोन्ही ओळींतली आवृत्ती मात्र तंतोतंत एकच पाहिजे. बूट पार्टिशन वेगळं असल्यामुळे इथे वाट ‘/व्हीएमलिनझ’ अशी आहे. वेगळं नसतं तर ‘/बूट/व्हीएमलिनझ’ लिहावं लागलं असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे यावरच सगळा घोळ सुटणार आहे.

रूटचं, म्हणजे मुख्य सिस्टिमचं, पार्टिशन चुकीचं दिलं तर बूट अर्ध्यावर थांबून ‘इनिटरॅमएफएस’चा प्रॉम्प्ट येतो. घाबरायचं नाही, मशिन बंद-चालू करून दुसरा आकडा द्यायचा. त्याने डेटाला काही होत नाही.

या चार ओळी अण्णांनी एका जुन्या पट्टीच्या पाठकोऱ्या बाजूला स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतल्या होत्या. इंग्रजी टायपिंगची सवय नसताना हा माणूस रोज सकाळी ते बघून मशिन चालू करत होता. टॅब कुठे दाबायचा तिथे त्यांनी फुली मारली होती. तो कागद बघितल्यावर मला फार वाईट वाटलं. मी ‘झालं’ म्हणून सांगून गेलो होतो आणि हे रोज सकाळी दहा मिनिटं झगडत होते.

फाइल बनली, पण गेली कुठे?

तिसऱ्या वेळी मी सौदे संपल्यावर, दुपारी तीननंतर गेलो. मशिन हाताने बूट करून पुन्हा तीच आज्ञा दिली (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने):

सुडो अपडेट-ग्रब

आणि या वेळी पडदा शब्दन् शब्द वाचला. पहिली ओळ ‘जनरेटिंग ग्रब कॉन्फिगरेशन फाइल’, शेवटची ‘डन’. मधे काहीच नाही. निरोगी मशिनवर या दोन ओळींच्या मधे ‘फाउंड लिनक्स इमेज’ अशी निदान एक ओळ येते, आणि तिच्या खाली ‘फाउंड इनिटआरडी इमेज’. इथे एकही नव्हती. म्हणजे अपडेट-ग्रबने बूट फोल्डर धुंडाळलं, तिथे कर्नल मिळाला नाही, आणि त्याने मुकाट्याने बिनमेनूची फाइल लिहून ‘डन’ म्हटलं.

पण पंधरा मिनिटांपूर्वी ग्रबच्या पडद्यावर तर कर्नल माझ्या डोळ्यांसमोर होता! तो त्या पार्टिशनवर नसता तर मशिन बूटच झालं नसतं. मग विचारलं:

फाइंडएमएनटी /बूट

(फाइंडच्या पुढे एम, एन, टी ही तीन अक्षरं, सगळं सलग.) उत्तर कोरं. बूट पार्टिशन माउंटच झालेलं नव्हतं, म्हणजे ‘/बूट’ फोल्डराला जोडलंच गेलं नव्हतं. ‘/बूट’ म्हणून जे दिसत होतं ते रूट पार्टिशनवरचं साधं फोल्डर होतं, आत एक ग्रब फोल्डर आणि त्यात माझीच ताजी, पोकळ ग्रब.सीएफजी. चालू होताना ग्रब वाचतं ते पहिलं पार्टिशन, आणि चालू झाल्यावर आपण लिहितो ते दुसऱ्या पार्टिशनवरचं फोल्डर. नाव दोघांचं एकच.

अण्णांना समजावून सांगायला लागलो तर तेच म्हणाले, “म्हंजे नोंद कच्च्या वहीत हुतीया आन् मालक पक्की वही बघतोय.” याहून चांगलं मला सांगता येणार नाही. पुढे मीही कच्चं बूट आणि पक्कं बूट असंच म्हणतो.

हे झालं कसं, ते एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठल्या फोल्डराला जोडायचं याची यादी) उघडल्यावर कळलं. महिन्यापूर्वी कुणा दुरुस्तीवाल्याने जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली होती. कॅबिनेटच्या पंख्यावर हळदीचा पिवळा थर होता तो तेवढा त्याने चांगला साफ केला होता. रूट पार्टिशन त्याने जसंच्या तसं उतरवलं, म्हणून त्याचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) तोच राहिला. बूट पार्टिशन मात्र नव्याने फॉरमॅट केलं, त्यात कर्नलच्या फाइली टाकल्या आणि ग्रब-इन्स्टॉल चालवलं. ग्रब-इन्स्टॉल मॉड्यूलं टाकतं, पण ग्रब.सीएफजी बनवत नाही. ते काम वेगळं, ग्रब-एमकेकॉन्फिगचं. अपडेट-ग्रब म्हणजे त्यालाच ‘/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी’ हा पत्ता देऊन हाक मारणारी इवलीशी स्क्रिप्ट आहे.

नवं फॉरमॅट म्हणजे नवा यूयूआयडी. एफएसटॅबमध्ये मात्र जुनाच राहिला. अशा वेळी डेबियन त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जातं. तो अडथळा नको म्हणून बूटच्या ओळीत ‘नोफेल’ घातलेलं होतं. नोफेल म्हणजे ‘पार्टिशन मिळालं नाही तरी पुढे चल’. मशिन चालायला लागलं, तक्रार गप्प झाली आणि खोट तशीच आत राहिली. कच्च्या बूटमध्ये ग्रब फोल्डरही आधी नसणार, कारण वरून माउंट होणारं फोल्डर एरवी रिकामं असतं. ते नसताना अपडेट-ग्रब ‘फोल्डर अस्तित्वात नाही’ अशी तक्रार करून थांबतं. कुणीतरी हाताने फोल्डर बनवून तीही तक्रार बंद केली होती. ही तक्रार तुम्हाला आली तर कृपा करून फोल्डर बनवू नका. बूट माउंट नाही, याचा तो सरळ पुरावा आहे.

अजून एक आतली गोष्ट. डेबियनमध्ये कर्नल अपडेट झाला की मेनू आपोआप नव्याने बनतो, पण ते तेव्हाच जेव्हा ग्रब.सीएफजी आधीपासून जागेवर असते. फाइलच नसेल तर ती पायरी गुपचूप सोडून दिली जाते. ‘पुढच्या अपडेटला होईल नीट’ या भरवशावर बसू नका.

दुरुस्ती

आधी दोन्हीकडचे यूयूआयडी समोरासमोर ठेवा:

एलएसबीएलके -एफ
कॅट /ईटीसी/एफएसटॅब

दुकानात एसडीए१चा आयडी ‘ई४’ने सुरू होत होता आणि एफएसटॅबमधला ‘७बी’ने. बाकी काही तपासायची गरजच उरली नाही. एफएसटॅबची एक प्रत काढून ठेवा, मग नॅनो या एडिटरमध्ये उघडून बूटच्या ओळीत खरा आयडी घाला. तो हाताने टाइप करू नका, एलएसबीएलकेच्या उत्तरातून उचलून चिकटवा. एका अक्षराची चूक झाली तर पुन्हा इथेच याल.

मग कच्च्या बूटमधला माल बाजूला काढा, माउंट करा आणि मगच मेनू बनवा:

सुडो एमव्ही /बूट/ग्रब /रूट/जुने-ग्रब
सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड
सुडो माउंट /बूट
फाइंडएमएनटी /बूट
सुडो अपडेट-ग्रब

चौथ्या ओळीला उत्तरात एसडीए१ दिसल्याशिवाय पाचवी ओळ चालवायची नाही. आमच्याकडे या वेळी ‘फाउंड लिनक्स इमेज’ दोनदा आली. खात्रीसाठी ‘एलएस -एल’ने फाइलचा आकार आणि वेळ बघा आणि आत ‘मेनूएंट्री’ हा शब्द ग्रेपने शोधून बघा. शून्य आकाराची किंवा मेनूएंट्री नसलेली फाइल म्हणजे नसलेलीच फाइल.

सुडो नसेल आणि ‘एसयू’ वापरत असाल तर त्याच्यापुढे जागा सोडून आडवी रेघ द्या. नुसत्या एसयूने डेबियन ‘अपडेट-ग्रब ही आज्ञा सापडली नाही’ म्हणतं आणि माणूस ग्रबच उडालं समजून भलतीकडे जातो.

मधल्या काळात कर्नल अपडेट येऊन गेला असेल तर काम थोडं वाढतं. नवा कर्नल कच्च्या बूटमध्ये उतरलेला असतो, त्यामुळे ‘फाउंड लिनक्स इमेज’ची ओळही येते आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. तेव्हा पडद्यावरच्या ओळींवर विसंबू नका, फाइंडएमएनटीचंच ऐका. एसडीए१ आधी ‘/एमएनटी’वर माउंट करून कच्च्या बूटमधला नवा कर्नल, त्याची इनिटआरडी आणि त्याच आवृत्तीच्या कॉन्फिग व सिस्टम.मॅप (यातला पहिला एस मोठा) या फाइली तिकडे हलवा. मग एमएनटी सोडवून पार्टिशन ‘/बूट’वर आणा आणि अपडेट-ग्रब करा.

पुन्हा होऊ नये म्हणून

मी दुकानाच्या मशिनवरचं नोफेल काढून टाकलं. पार्टिशन मिळालं नाही तर मशिनने त्याच दिवशी अडून बसावं आणि मला बोलवावं, हे मला परवडतं. काही जणांना कुठल्याही परिस्थितीत मशिन चालूच व्हायला हवं असतं. त्यांनी नोफेल ठेवावं, पण मग खालचं नक्की करावं. मी ते दुकानातही केलं.

सुडो यूमाउंट /बूट
सुडो सीएचएटीटीआर +आय /बूट
सुडो माउंट /बूट

पहिल्या आज्ञेत ‘यू’नंतर एन येत नाही. दुसऱ्या ओळीने कच्चं, रिकामं फोल्डर कुलूपबंद होतं. पार्टिशन माउंट असताना याचा काहीच अडथळा नाही, कारण तेव्हा आपण पक्क्या बूटमध्ये लिहीत असतो. पण कधी माउंट सुटलं तर अपडेट-ग्रब, कर्नल अपडेट, कुणालाच तिथे लिहिता येणार नाही आणि चूक तिथल्या तिथे ओरडेल. बूट सोडवलेलं असतानाच ही आज्ञा द्यायची, नाहीतर पक्क्या बूटलाच कुलूप लागेल.

तुमचं कारण वेगळं असेल तर

बूट नीट माउंट आहे आणि तरी फाइल शून्य आकाराची होते, असं असेल तर ‘डीएफ -एच /बूट’ बघा. वेगळं, लहान बूट पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरून जातं आणि नवी फाइल लिहायला जागाच उरत नाही. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ने जागा करा, मग मेनू बनवा. अपडेट चालू असताना वीज गेली तरी असंच होऊ शकतं. आमच्या भागात वळवाच्या दिवसांत वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून यूपीएसची बॅटरी फुगलेली असेल तर अपडेटला हात लावू नका.

मशिन हाताने बूट होत नसेल तर लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) लावून क्रूट करावं लागतं, म्हणजे तिथून डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरावं लागतं, आणि तिथेही हीच चूक होते. आधी रूट पार्टिशन ‘/एमएनटी’वर, मग बूट पार्टिशन ‘/एमएनटी/बूट’वर, यूईएफआय मशिन (बायोसच्या जागी नवी पद्धत असलेलं) असेल तर ईएफआय पार्टिशन ‘/एमएनटी/बूट/ईएफआय’वर, हा क्रम. त्यानंतर डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन या फोल्डरांना ‘/एमएनटी’च्या आत बाइंड करून, म्हणजे तिथेही जोडून, क्रूट. मधली पायरी राहिली की आत अपडेट-ग्रब पुन्हा कच्च्या वहीत लिहितं. यूईएफआय मशिनवर ईएफआय पार्टिशनमध्येही ग्रब.सीएफजी नावाची एक तीन ओळींची फाइल सापडेल. खरा मेनू कुठे आहे एवढंच ती सांगते. तिच्यावर मोठा मेनू लिहू नका. फेडोरावाल्यांनी याची विशेष काळजी घ्यावी. फेडोरा ३४पासून तिथे तशीच छोटी फाइल असते आणि मेनू ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’ने ‘/बूट/ग्रब२’मध्ये बनवायचा असतो.

नव्या मेनूत विंडोज दिसत नसेल तर ते उडालेलं नाही. ग्रब २.०६पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारं ओएस-प्रोबर मुळातच बंद असतं. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ घाला (बरोबरच्या खुणेआधीचा भाग मोठ्या अक्षरांत, ‘फॉल्स’ लहान अक्षरांत) आणि पुन्हा अपडेट-ग्रब करा. दुसऱ्याच्या मशिनवरून ग्रब.सीएफजी आणून टाकायचा सल्लाही मिळेल. ऐकू नका, त्या फाइलीत त्याच्या डिस्कचे यूयूआयडी असतात.

दुकानात शेवटी एवढंच तपासायचं राहिलं होतं. माउंट झाल्यावर खालचं कच्चं फोल्डर झाकलं जातं, ते बघायची युक्ती अशी:

सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी
एलएस -ए /एमएनटी/बूट

एक ठिपका आणि दोन ठिपके एवढंच आलं, म्हणजे फोल्डर रिकामं. एमएनटी सोडवलं, मशिन पूर्ण बंद केलं, मागून वायर काढून पुन्हा लावली आणि बटण अण्णांनाच दाबायला सांगितलं. डेबियनचा मेनू आला, पाच सेकंद मोजले गेले आणि मशिन आपलं आपण उठलं. अजून दोनदा बंद-चालू करून बघितलं आणि मगच चहा घेतला.